आज्जीची वाकळ कोडनं काढायलोय, खरं ती वाकळच वाटंना

येळ्ळूरचा_सीएनसीवाला

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये व्हीएमसी चालवतो, म्हणजे कोडवर चालणारं धातू कापायचं मशीन, गाव येळ्ळूर. चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर, मधी सूर्य आणि खाली नदी, याच्या पुढं माझी गाडी कधी गेली नाही. खरं गेल्या तीन महिन्यांपासून रात्रपाळी नसली की पी-फाइव्ह-जेएस शिकायलोय, म्हणजे चार ओळी जावास्क्रिप्ट लिहायची आणि ब्राउझरमध्ये चित्र उमटतं ते. व्हिडिओ बघून बघून चेंडू उड्या मारताना केला, पाऊस पाडला, तारे फिरवले, मग कंटाळा आला, दुसऱ्याचीच चित्रं किती दिवस काढायची. म्हणून ठरवलं आपल्या घरातलं काय तरी काढू, आणि पहिल्यांदा डोक्यात आली ती आज्जीची वाकळ.

(पुण्यामुंबईकडच्यांसाठी: वाकळ म्हणजे तुमची गोधडी. कन्नडमध्ये कौदी. आमच्यात तिन्ही शब्द चालतात, थंडी कुठल्या भाषेत वाजते त्यावर आहे.)

ही वाकळ आता नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जो पाऊस लागला त्यात आमच्या जुन्या घराची मागची मातीची भिंत बसली, ट्रंक चार दिवस चिखलात, उघडली तर वाकळ कुजून काळी. बाबांनी काही न बोलता उचलून उकिरड्यावर नेऊन टाकली. आज्जी त्याच्या आधीच गेलेली, ते एक बरं.

मला आठवतं ते एवढं: पाच फूट बाय सात फूट असंल. आज्जीच्या इरकलीचे लाल काठ, माझी शाळेची खाकी चड्डी, ताईचा फुलाफुलांचा फ्रॉक, कोपऱ्यांना खणाचे तुकडे. ताप आला की मला त्यावर झोपवायचे आणि मी काडेपेटीची लॉरी करून टाक्यांच्या ओळीवरनं चालवायचो. बाहेरच्या काठावरनं सुरू करायची, वाकळीभोवती फिरत फिरत मधोमध आणून लावायची. तेवढ्यात झोप लागायची.

फोटो एकच मिळाला, मी चार वर्षांचा त्यावर बसलोय, आणि त्यात फक्त उजवीकडचा खालचा कोपरा दिसतो.

आता अडचणी सांगतो.

पहिली, टाके हातानं घातल्यासारखे दिसावेत म्हणून प्रत्येक टाक्याला थोडा रँडम, म्हणजे संगणकानं मनाला येईल तसा काढलेला आकडा, लावला, तर सगळी वाकळ वळवळायला लागली. शप्पथ, आत उंदीर शिरल्यागत. मुलगी बघून पळाली.

दुसरी, रँडम काढला तर बाथरूमच्या फरशा दिसतात. ठिगळं ओळीत आठ बाय बारा मांडलीत, त्यावर एकात एक अशा चौकटी काढल्यात धावदोऱ्याच्या, रंग फोटोवरनं उचललेत, मापं बरोबर आहेत, आणि तरी ती वाकळ नाही. काय चुकतंय तेच कळंना.

तिसरी अडचण म्हणजे अडचण नाही खरं. फोटोतल्या त्या कोपऱ्यात आज्जीचं जरा चुकलंय. उजव्या काठाची टाक्यांची ओळ पार कोपऱ्यापर्यंत आलीय, आणि खालच्या काठाची ओळ मात्र बोटभर अलीकडंच थांबून आत वळलीय. मी माझ्या चित्रात ते दुरुस्त केलं, चारी कोपरे काटकोनात. आमच्या धंद्यात वीस मायक्रॉन हुकले तर जॉब रिजेक्ट, त्यामुळं हात गप्प बसत नाही.

जाणकारांनी सांगा.

टिळकवाडीचा_रिकामटेकडा

उंदीर पहिले मारू. पी-फाइव्हमध्ये कोडचे दोन भाग, सेटअप एकदाच चालतं आणि ड्रॉ सेकंदाला साधारण ६० वेळा. तू रँडम ड्रॉमध्ये टाकलायस, म्हणजे तुझी आज्जी सेकंदाला ६० वाकळा शिवते आणि प्रत्येक वेगळी. सेटअपच्या शेवटी नोलूप लिही, म्हणजे ड्रॉ पण एकदाच चालेल, काम झालं. किंवा हलतं काही पुढं ठेवायचं असेल तर ड्रॉच्या पहिल्याच ओळीत रँडमसीड लिहून कंसात कुठलाही एक आकडा दे. सीड म्हणजे बियाणंच समज, तोच आकडा पेरला की तेच पीक, दर वेळी, पानाला पान जुळतं. आकडा बदलला की दुसरी वाकळ.

दुसरं, साधा रँडम वापरू नको. त्यात लहान टाका, मोठा टाका, सगळे सारख्याच संख्येनं येतात. माणसाचा हात तसा नसतो, बहुतेक टाके एका मापाच्या आसपास आणि एखादाच फार आखूड नाहीतर फार लांब. त्याला रँडमगॉशियन आहे, सरासरी आणि किती हलायचं ते सांगायचं, बास.

बाकी फरशांचं मला कळत नाही, मी वेबसाईटी करतो, त्या फरशाच असतात.

खानापूरचा_रिटायर्ड_मास्तर

वा. बऱ्याच दिवसांनी इथं भाडं-वाहतूक-पाणी सोडून काहीतरी वाचायला मिळालं.

सीएनसीवाले, तुम्हाला सुरुवातीला चित्र उलटं आलं असणार, कारण तुमच्या मशीनवर वाय वाढला की वर जातं आणि इथं शून्य-शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात, वाय वाढला की खाली. सगळ्यांचं होतं. पण मी वेगळं सांगायला बसलोय. १९६७ साली अमेरिकेत पोरांसाठी लोगो नावाची भाषा केली, सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फर्झाइग ही मंडळी. त्यात कासव असतं. तुम्ही त्याला एक्स-वाय सांगत नाही, पुढं चल, उजवीकडं वळ, एवढंच सांगता, आणि ते शेपटीमागं रेघ सोडत जातं. सुरुवातीला तर खरंच चाकांचं यंत्र कागदावर फिरवायचे. पॅपर्टचं म्हणणं असं की पोरानं स्वतःला कासवाच्या जागी ठेवावं, अडलं तर उठून खोलीत चालून बघावं. पायथन भाषेत टर्टल म्हणून तेच आहे अजून. मी शाळेत ते पोरांकडून करून घ्यायचो, आठ संगणक आणि चाळीस पोरं, म्हणून बत्तीस पोरं व्हरांड्यात खडूनं कासव व्हायची, आणि खरं सांगू, त्या बत्तिसांनाच जास्त आलं.

आता तुमचंच वाक्य बघा. "बाहेरच्या काठावरनं सुरू करायची, फिरत फिरत मधोमध आणून लावायची." आणि कोडमध्ये तुम्ही काय काढलंय? एकात एक बंद चौकटी. अहो, बंद चौकटीतनं तुमची लॉरी आत कशी जाणार? उचलून ठेवल्याशिवाय नाही जात. तुम्ही ती उचलत होता का?

शिवाय एक नाव सांगून ठेवतो, व्हेरा मोलनार. जन्म १९२४, हंगेरीतल्या, राहिल्या पॅरिसला, १९६८ पासून संगणकावर चित्रं काढत होत्या, २०२३ ला गेल्या. त्या एकात एक चौकोनच काढायच्या आणि त्यात अगदी थोडी गडबड सोडायच्या, एक टक्का म्हणायच्या. त्यांची चित्रं शोधून बघा. तुमच्या आज्जीच्या कोपऱ्याला चूक म्हणण्याआधी बघा असं सुचवतो.

येळ्ळूरचा_सीएनसीवाला

मास्तर, अंगावर काटा आला. नाही उचलत होतो. लॉरी खाली ठेवली की परत उचलायची नाही असा माझा नियमच होता, ते आत्ता तुम्ही विचारल्यावर आठवलं. म्हणजे एकच दोरा होता, चौकटी नव्हत्या. गेले तीन आठवडे मी चुकीची वस्तू बरोबर मापात काढायलोय.

नंदगडची_सुई

मी नातवाकडनं लिहून घेतोय, चूक असंल तर त्याची. मला ते कोड काय कळत नाही, खरं वाकळ कळते. चाळीसभर शिवलो असंन आत्तापर्यंत, आमच्या भावकीत कुणाचं बाळंतपण असलं की माझ्याकडंच येत्यात.

(नातू: पुण्याच्या लोकांनी दचकू नये, आमच्याकडं बायका पण मी आलो, मी गेलो म्हणतात. आज्जी माझी आज्जीच आहे.)

बाळ, तुझी ठिगळं ओळीत कशी असतील? ठिगळ काय दुकानातनं मापानं आणत्यात काय? लुगडं विरतं ते मधी, बसायच्या जागी. काठ चांगले राहत्यात. म्हणून काठाच्या लांब पट्ट्या निघत्यात, चड्डीचं निघतं ते मांडीपुढचं हातभर, फ्रॉकचा घेर निघतो. जे निघंल ते लावायचं. आणि आधी सगळी मांडून मग शिवायचं असंबी नसतं. खाली जुनेराचे दोन-तीन पदर अंथरायचे, एका कोपऱ्यापास्नं धरायचं, एक तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची, धावदोरा मारत जायचं, तुकडा संपत आला की पुढचा ठेवायचा. असं काठाकाठानं फिरत आत आत. आडव्या सरळ ओळी मारणारीबी हायत, आमची थोरली जाऊ तशीच मारायची. खरं हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका, आपल्या खानापूरच्या रानातबी त्यांची घरं हायत, त्या कवंदी म्हणत्यात त्याला आणि त्या काठापास्नं आतच येत्यात. चारी कोपऱ्याला घड्या घालून फुलं लावत्यात. तुझ्या आज्जीचे खणाचे तुकडे तेच असणार.

आता तुझ्या फोटोतली चूक. ती चूक न्हवं रे. तिथनं तिनं सुरवात केलेली हाय. एक फेरा मारून ती परत सुरवातीजवळ आली, तिथं पयली ओळ आधीच हाय, मग तिच्यावर कशी चढंल? बोटभर अलीकडं थांबून आत वळली. ते बोट म्हंजे दोन ओळींतलं अंतर.

खरं मला दुसरंच दिसायलंय. तू लिहिलंयस उजव्या काठाची ओळ कोपऱ्यापर्यंत गेलीय आणि खालची थांबलीय. म्हंजे ती त्या कोपऱ्यापास्नं निघून उजव्या काठानं वर गेली, वरनं डावीकडं, खाली, आणि खालच्या काठानं परत आली. आम्ही काठ आपल्याकडं करून मांडी घालून बसतो, सुई उजवीकडनं डावीकडं जाते, मग दोरा घड्याळाच्या काट्यावाणी फिरतो. तुझा उलटा फिरलाय.

तुझी आज्जी डावरी होती काय?

टिळकवाडीचा_रिकामटेकडा

काकू, दंडवत. पण एक शंका काढतो, राग मानू नका. जुना फोटो आहे, निगेटिव्ह उलटी धरून छापली असली तर डावं-उजवं बदलतं. सीएनसीवाल्या, फोटोत कुठं काही लिहिलेलं दिसतंय का?

येळ्ळूरचा_सीएनसीवाला

मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, आकडे सरळ आहेत. फोटो उलटा नाही.

आज्जीचं आईला विचारून सांगतो, मला तरी ती उजव्या हातानंच जेवताना आठवते.

खानापूरचा_रिटायर्ड_मास्तर

जेवणाचं सोडा, त्या पिढीत डाव्या हातानं घास घेतला तर पाठीत धपाटा मिळायचा. सुईच्या वेळी कोण बघतंय.

येळ्ळूरचा_सीएनसीवाला

चार दिवसांनी लिहितोय, डबल शिफ्ट होती.

आईला विचारलं. आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "डावरीच होत्या की. विळी, खुरपं, सुई, सगळं डाव्या हातानं. तुझ्या आज्ज्यानं लग्नात बघितलं, तवापास्नं जेवायचं तेवढं उजव्यानं." तीस वर्षं मी त्या घरात राहिलो आणि मला हे माहीत नाही, आणि नंदगडला बसून काकूंनी एका कोपऱ्यावरनं सांगितलं. माझ्या डोक्यातनं हे जाईना. आमच्या जी-कोडमध्ये, म्हणजे मशीनला कसं हलायचं ते सांगायच्या भाषेत, घड्याळासारखं फिरायचं म्हणजे जी-झीरो-टू आणि उलटं फिरायचं म्हणजे जी-झीरो-थ्री. दिवसात शंभर वेळा टाइप करतो. आज्जी जी-झीरो-थ्री होती.

आता कामाचं. आधी आळस केला, सगळं चित्रच आरशासारखं उलटवलं, स्केलमध्ये उणे एक देऊन. दोरा बरोबर फिरला खरं सगळी ठिगळं पण इकडची तिकडं गेली, फोटोतला फ्रॉक डावीकडं पोचला. मग ते काढून टाकलं आणि मास्तरांचं कासव घेतलं. ठिगळं आपल्या जागी, फक्त दोरा कासवाचा.

कासव खालच्या उजव्या कोपऱ्यातनं निघतं. सात फूट वर, डावीकडं वळ, पाच फूट, डावीकडं वळ, सात फूट खाली, डावीकडं वळ, आणि इथं पाच फुटातनं बोटभर कमी. तिथनं पुढं प्रत्येक वळणाला ज्या बाजूनं जायचंय तिच्यातनं एकेक बोट कमी करत जायचं. लांबी संपली की थांब. एवढंच. तीन आठवडे ज्याच्यासाठी चौकटींचे कोपरे मोजत होतो ते दहा ओळींत बसलं. आणि फोटोतला कोपरा काही न करता तसाच आला, बोटभर अलीकडं थांबून आत वळलेला. मी दुरुस्त केलेलं आपोआप परत बिघडलं म्हणा.

मापं: फुटाला १२० पिक्सेल, म्हणजे इंचाला १०. बोट म्हणजे पाऊण इंच धरलं, साडेसात पिक्सेल. टाका पाव इंच आणि त्यामागची मोकळी जागा पाव इंच, दोन्ही गॉशियननं थोडे हलते. बाजूला एक काउंटर लावून ठेवला होता, उगंच, मशीनवर पार्ट काउंट असतो तसा. कासव मध्याला पोचलं तेव्हा त्यात १३,४०० च्या वर टाके होते. परत तपासलं, वाटलं लूप दोनदा चालला. मग कागदावर केलं: ६० इंच गुणिले ८४ इंच, भागिले पाऊण, म्हणजे ६,७२० इंच, म्हणजे ५६० फूट दोरा नुसत्या सरळ रेषेत. बरोबर आहे.

साडेतेरा हजार टाके, काकू. मला वाटायचं आज्जी दुपारी नुसती बसून असते.

नंदगडची_सुई

तेवढे असत्यात. आम्ही मोजत न्हाई. मोजलं तर कोण शिवंल.

टाके सगळीकडं एकसारखे हलवलायस काय? तसं नसतं. सकाळी बारीक पडत्यात, दिवा लागायच्या टायमाला लांब. आणि सुईत दोरा नवा घेतला की पयले चार-सहा टाके नीट, मग हात सैल. आणि मधी जाईल तसे जास्त लांब, कारण वाकळ जड होते, फिरवायला कंटाळा येतो, कधी एकदा संपतीय असं होतं.

टिळकवाडीचा_रिकामटेकडा

काकूंनी आत्ता जे सांगितलं त्याला आमच्यात नॉइज म्हणतात. रँडम म्हणजे प्रत्येक टाका मागच्याला न विचारता पडतो. नॉइज म्हणजे मागच्याच्या जवळपास पडतो आणि हळूहळू सरकत जातो, सकाळ-संध्याकाळसारखा. केन पर्लिन नावाच्या माणसानं काढलं, १९९७ ला त्यासाठी ऑस्करवाल्यांनी तांत्रिक पुरस्कार दिला. पी-फाइव्हमध्ये नुसतं नॉइज लिहून कंसात टाक्याचा नंबर भागिले पाच-सहाशे टाकून बघ. काकूंचा दोरा संपायचा हिशोब वेगळा लाव, दर दोन वाव दोऱ्याला काउंटर शून्य कर.

येळ्ळूरचा_सीएनसीवाला

नॉइज लावला. दोऱ्याचा हिशोब पण लावला. ठिगळांची आठ बाय बारा मोडून टाकली, काठाच्या लांब पट्ट्या बाहेरच्या फेऱ्याला, खाकी तीन तुकडे, फ्रॉक दोन, खणाची चार फुलं कोपऱ्यांना. सीड १ पासून बघत गेलो, चाळीसेक बघितल्यावर आई मागं येऊन उभी राहिली.

मी कासवाच्या जागी काडेपेटीची लॉरी ठेवली होती, छोटा चौकोन, दोऱ्यावरनं चालत जाणारा, मार्ग बरोबर आहे का बघायला. आई ती बघत राहिली. जेवण ताटात गार झालं. लॉरी मधी पोचली तिथं मी राखाडी रंग टाकून ठेवला होता कारण मधलं ठिगळ काही केल्या मला आठवतच नव्हतं, आणि आई म्हणाली, "हे काय घातलायस? मधी तुझ्या बाबांची लुंगी होती, निळी, चौकडीची. आज्जीनं मुद्दाम मधी ठेवली, तू तिथं गाडी लावून झोपायचास म्हणून."

मग ती म्हणाली, नाही, हे खाकी एवढं रुंद नव्हतं. मग ती म्हणाली, फ्रॉक इकडं नव्हता, खालच्या अंगाला होता. आता रोज रात्री येऊन बसते आणि मला रिवर्क काढून देते. कंपनीतला इन्स्पेक्टर परवडला.

नंदगडची_सुई

लुंगीची चौकडी बारीक का मोठी?

येळ्ळूरचा_सीएनसीवाला

थांबा, विचारतो.

आई म्हणते बोटाच्या पेराएवढी, आणि मधनं एक पिवळी रेघ. बाबा म्हणायलेत पिवळी नव्हती, पांढरी होती. दोघांचं चाललंय आत.